उंच केलेल्या जुन्या पिकअपचा पुढचा भाग : थोड्या खर्चात पक्की दुरुस्ती



गळीत हंगाम संपला की आपल्या भागातल्या बऱ्याच पिकअप गाड्या कोकणाची वाट धरतात. कराड, पाटण, कोयनानगर करीत कुंभार्ली घाट उतरायचा, चिपळूणवरून गुहागर गाठायचे आणि तिथून पुढे किनाऱ्याकडेने हेदवीला जायचे. टेकडीवरच्या दशभुज लक्ष्मीगणेशाचे दर्शन होते. भरतीची वेळ साधली तर बामणघळीत उसळणारे पाणी बघून पोरे खूश होतात. जाताना हौद्यात गुळाच्या ढेपा असतात, येताना आंब्याच्या पेट्या, नारळ, नाहीतर घरकामासाठी जांभ्याचे चिरे येतात. वर्षभर उसाच्या पाणंदीत राबलेल्या गाडीची खरी परीक्षा याच रस्त्यावर होते.

आपल्यापैकी पुष्कळांच्या गाड्या दहा-पंधरा वर्षे जुन्या आहेत. त्यातल्या कितीतरी मागेपुढे उंच करून घेतलेल्या आहेत. अशा गाडीचा पुढचा भाग खडखडायला लागला, स्टिअरिंग हातात थरथरू लागले, की कुणी सांगतो "अजून एक पाटा घाल", तर कुणी सांगतो "सगळा सेटच नवा टाक". पहिला सल्ला गाडीला मारतो, दुसरा मालकाला. म्हणून या अंकात आम्ही या विषयाची सविस्तर माहिती देत आहोत. सांगायचे ते थोडक्यात असे : झिजलेला भाग नेमका शोधून तेवढाच बदलावा, स्टिअरिंग आणि ब्रेकच्या बाबतीत कंजुषी करू नये, आणि गाडी पुन्हा बेताच्या उंचीवर आणावी.

गाडी उंच केली म्हणजे काय झाले?

१९४७ साली महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. त्या जीपला पुढेमागे पाटेच होते. पाटा ही टांग्यापासून चालत आलेली साधी युक्ती. एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्या वाकतात, एकमेकींवर घासतात आणि धक्का जिरवतात. जीपच्या सांगाड्यावर बेतलेल्या पिकअप आपल्याकडे अशाच पाट्यांवर वर्षानुवर्षे धावल्या. पुढे काही गाड्यांना पुढच्या बाजूस स्प्रिंग किंवा पिळाची दांडी, म्हणजे टॉर्शन बार, आणि बॉल जॉइंट आले. आपली गाडी यातल्या कोणत्या जातीची आहे, हे प्रथम खाली वाकून बघावे. दुरुस्ती त्यावर ठरते.

चिखलात, सरीच्या बांधावर गाडी टेकू नये म्हणून आपण ती उंच करतो. पाट्याच्या गाडीला जादा पाटा घालतात किंवा लांब शॅकल लावतात. स्प्रिंगच्या गाडीला स्प्रिंगखाली गुटका घालतात. टॉर्शन बारच्या गाडीला बार पिळून उंची काढतात. सर्वांचा परिणाम एकच होतो. कारखान्याने ठरवलेल्या कोनात काम करणारे सांधे वाकड्या कोनात काम करू लागतात आणि लवकर झिजतात.

जादा पाट्याने गाडी कडक होते. धक्का पाट्यात जिरत नाही. तो बुश, शॅकल आणि चासीच्या खिळ्यांवर जातो. लांब शॅकलने आस थोडा फिरतो. सायकलचा पुढचा चिमटा किंचित तिरका असतो, म्हणून सायकल सरळ चालते. मोटारीतही तशीच तिरकस ठेवलेली असते. तिला कॅस्टर म्हणतात. हा कोन बिघडला की गाडी रस्त्यावर भरकटते आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही. टॉर्शन बार पिळल्याने गाडीचा भार सोसण्याचा जोर वाढत नाही. नुसती उंची वाढते, आणि चाक खड्ड्यात खाली उतरायला जागा कमी राहते.

घाटात याची किंमत मोजावी लागते. भरलेली गाडी कुंभार्ली उतरते तेव्हा ब्रेक दाबताच भार पुढच्या चाकांवर येतो. सपाट रस्त्यावर नुसता खडखड करणारा सांधा अशा उतारावर सुटला तर चाक आपल्या ताब्यात राहत नाही. गाडीत बहुधा घरचीच माणसे असतात, हे विसरू नये.

आधी रोग ओळखा

मिस्त्रीकडे जाण्याआधी पुढील तपासण्या घरच्या अंगणात होतात. पैसा लागत नाही, दोन माणसे लागतात.

एक : सपाट जागी, हवा सारखी भरून, दोन्ही पुढच्या चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजा. एक बाजू बसलेली असेल तर तिकडचा पाटा किंवा स्प्रिंग थकली आहे.

दोन : टायर वाचा. एकाच कडेला झिजला असेल तर चाकांचे कोन बिघडले आहेत. जागोजागी खळगे पडले असतील तर शॉकअप गेले आहेत किंवा चाकाचा तोल गेला आहे.

तीन : चाके जमिनीवर असताना एकाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडे थोडे हलवावे, दुसऱ्याने खाली टाय रॉडच्या टोकांवर बोट ठेवून पाहावे. दांडी हलते पण चाक उशिरा हलते, म्हणजे ते टोक गेले.

चार : चाक उचलून वर-खाली धरून हलवा. हलत असेल तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर ढिलेपणा गेला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तरीही राहिला तर किंग पिन किंवा बॉल जॉइंट पाहा. स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलेली असेल तर जॅक त्या आर्मखालीच लावावा, नाहीतर बॉल जॉइंटचा खरा ढिलेपणा कळत नाही.

पाच : पाट्याच्या डोळ्यात आणि शॅकलपाशी पहार घालून हलकेच उचका. बुश खाल्ला असेल तर लगेच दिसतो. पाट्यांच्या मधला सेंटर बोल्ट आणि यू-बोल्टही बघा. सेंटर बोल्ट तुटला की आस सरकतो आणि गाडी एका अंगाने चालू लागते.

जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नये. लोखंडी घोडे किंवा जाड लाकडी ओंडके लावावेत, मागच्या चाकांना दगड द्यावेत. जांभ्याचा चिरा टेकू म्हणून मुळीच वापरू नये. तो भाराखाली अचानक फुटतो.

कुठे वाचवायचे, कुठे नाही

आमच्या पाहण्यात असे आले आहे, की "पुढचा भाग गेला" म्हणून आलेल्या गाडीत पुष्कळदा बुश, शॅकलच्या पिना आणि एखादे टाय रॉडचे टोक एवढेच गेलेले असते. ही किरकोळ किमतीची कामे. बुश जुन्या पाट्यातून काढून नवे बसवायचे काम गावातला लेथवाला प्रेसवर करून देतो. पाटा खोलणे, गंज काढणे, बोल्टवर आदल्या रात्री डिझेल किंवा तेल सोडून ठेवणे ही मजुरी आपली आपण वाचवू शकतो.

रबरी बुशाची एक गोष्ट पुष्कळ ठिकाणी चुकते. चाक लोंबकळत असतानाच बोल्ट आवळून टाकतात. गाडी खाली उतरली की बुश पिळलेलाच राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. गाडी चाकांवर उभी करून, आपल्या भाराने बसल्यावर शेवटचा आवळा द्यावा. याला एक पैसाही जादा लागत नाही. पितळी बुश असेल तर ग्रीस हेच त्याचे अन्न. निप्पल बुजले असेल तर ते बदलावे, सोडून देऊ नये.

पाटा बसला असेल तर त्याला पुन्हा कमान देऊन घेता येते. हे काम जाणकार पाटेवाल्याकडूनच करावे. एखादाच पाटा तुटला असेल तर तेवढाच बदलावा, मात्र दोन्ही बाजूंची उंची सारखी राहते ना ते पाहावे. तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग कदापि करू नये. उष्णतेने पोलादाचा कस जातो आणि तो पाटा शेजारीच पुन्हा तुटतो.

पुढील वस्तू जुन्या बाजारातून घेऊ नयेत : बॉल जॉइंट, टाय रॉडची टोके, किंग पिन, ब्रेकचे होज, यू-बोल्ट. यू-बोल्ट एकदा आवळला की ताणला जातो, म्हणून पाटा खोलला की यू-बोल्ट नवे. काही दिवस गाडी चालवून ते पुन्हा आवळून घ्यावेत. शॉकअप जोडीने बदलावेत, पण सर्वांत शेवटी. बुश खाल्लेल्या गाडीला नवे शॉकअप म्हणजे गळक्या पाटाला नवे इंजिन. सर्व झाल्यावर अलाइनमेंट करून घ्यावे. त्या पैशावर टायर वाचतात.

मिस्त्रीकडून कामाचा अंदाज कागदावर घ्यावा आणि काढलेले जुने भाग परत मागावेत. चांगला मिस्त्री यात अपमान मानत नाही.

उंचीचे काय करायचे?

आम्ही सांगू की जादा पाटा काढावा आणि गाडी मूळ उंचीच्या जवळ आणावी. बहुतेकांची अडचण टायर आणि पाणंदीचा मुरूम नीट करून सुटते. तरीही कामापुरती उंची ठेवायचीच असेल तर चार गोष्टी तपासल्याशिवाय गाडी घाटात घालू नये. चाक पूर्ण खाली लोंबकळत सोडल्यावर ब्रेकचा होज ताणला जातो का? त्याच वेळी शॉकअप पूर्ण उघडून चाकाचा भार ओढतो का? स्टिअरिंगची दांडी फार तिरकी झाली आहे का? तशी असेल तर खड्ड्यात चाक वर-खाली होताच गाडी आपोआप वळते. आणि कॅस्टर बिघडला असेल तर पाटा आणि आस यांच्यात योग्य मापाची पाचर बसवून तो दुरुस्त केला आहे का?

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते, तिथे ही उंची आडवी येऊ शकते. अपघातानंतर विम्याचा वाद निघाला तर त्रास वेगळाच.

समुद्राची हवा आणि चिऱ्यांचे ओझे

हेदवीसारख्या गावात वाऱ्यातच मीठ असते. ते पाट्यांच्या फटीत, शॅकलच्या पिनांवर बसते आणि गंज धरते. गाडी वाळूत घालणे तर टाळावेच. कोकणातून परत आल्यावर गाडीची खालची बाजू गोड्या पाण्याने भरपूर धुवावी, वाळू द्यावी आणि सर्व निप्पलना ग्रीस मारावे. एवढ्यावर बुश आणि पिनांचे आयुष्य वाढते.

ओझ्याचा हिशेब साधा आहे. चौदा इंच लांब, नऊ इंच रुंद आणि सात इंच जाडीचा चिरा सुमारे तीस किलो भरतो. पन्नास चिरे म्हणजे दीड टन. आपल्या गाडीच्या पुस्तकात भारक्षमता किती लिहिली आहे ती बघा आणि मग चिरे मोजा. हौद्यात जागा शिल्लक दिसते म्हणून चिरे चढवीत गेलो, तर वाचवलेल्या एका खेपेचे पैसे पाट्यांत जातात.

शेवटी एक सूचना. ग्रीस गन, चांगला जॅक, चार लोखंडी घोडे आणि पान्यांचा संच प्रत्येकाने वेगळा घ्यायची गरज नाही. वस्तीवरच्या चार-पाच सभासदांनी मिळून घेतला तर सर्वांची गाडी महिन्यातून एकदा तपासली जाईल. आपण ऊस एकत्र येऊन गाळतो, मग ग्रीस गन एकत्र घ्यायला काय हरकत आहे? पाऊस सुरू होण्यापूर्वी, रविवारची एक सकाळ या कामाला द्यावी. कुंभार्लीच्या पहिल्या उतारावर ब्रेक दाबाल तेव्हा गाडी सरळ थांबेल, आणि मागे बसलेली माणसे निर्धास्त राहतील.