विधिमंडळापूर्वीचा लोकप्रतिनिधी : रावबहादूर मुधोळकर

१८५३ मध्ये नागपूरचे राजे तिसरे रघूजी भोसले निवर्तले, पुढील वर्षी त्यांचे राज्य खालसा झाले आणि भंडाऱ्याची रयत कंपनी सरकारच्या अमलाखाली आली. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाल्यावर जो बंदोबस्त झाला, त्यात मालगुजारांना जमिनीची मालकी मिळाली. आणि मग शेतसारा, तलावाचे पाणी, कुळाचा हक्क यांविषयीचे तंटे गावच्या चावडीवरून दिवाणी अदालतीत जाऊ लागले. प्रांताच्या विधिमंडळाची पहिली बैठक भरली ती थेट १९१४ मध्ये. या मधल्या अर्धशतकात सरकारदरबारी रयतेची कैफियत कायद्याच्या भाषेत मांडू शकणारा माणूस एकच होता, तो म्हणजे वकील.

वकिलांच्या या पिढीचे थोर प्रतिनिधी म्हणजे रावबहादूर रघुनाथ नरसिंह मुधोळकर. १८५७ मध्ये धुळ्यास जन्मलेले आणि मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकलेले मुधोळकर अमरावतीस वकिली करू लागले, तेव्हा वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला स्वतंत्र मुलूख होता. १९०३ मध्ये तो मध्य प्रांतास जोडला गेला आणि भंडारा व अमरावती एकाच कारभाराखाली आली. १८९० मध्ये कौन्सिलांत लोकनियुक्त सभासद असावेत, ही मागणी घेऊन काँग्रेसचे जे शिष्टमंडळ विलायतेस गेले, त्यात सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांच्यासमवेत मुधोळकर होते. पुढच्याच वर्षी काँग्रेसचे अधिवेशन नागपुरास व १८९७ मध्ये अमरावतीस भरले, आणि राष्ट्रीय चर्चा या प्रांताच्या दारी आली.

राजकीय हक्कांना उद्योगाचे अधिष्ठान हवे, हे ओळखून १९०५ पासून भरू लागलेल्या औद्योगिक परिषदेच्या चिटणीसपदाचे कष्टाचे काम त्यांनी अंगावर घेतले. १९१२ मध्ये बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांना लाभले. अमरावतीचेच वकील दादासाहेब खापर्डे टिळकांच्या जहाल पक्षाचे आधारस्तंभ झाले, मुधोळकर मात्र अखेरपर्यंत, म्हणजे १९२१ पर्यंत, नेमस्तच राहिले.

त्यांच्या मार्गाची मर्यादा उघड आहे : अर्ज आणि ठराव यांची भाषा शिक्षितांची होती, आणि ज्या कुळाच्या नावे ती बोलली जाई, त्या कुळाला मताचा अधिकार मिळण्यास अजून कित्येक वर्षे लागायची होती. तथापि सत्तेला प्रश्न विचारावा, तो पुराव्यानिशी विचारावा आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावे, ही शिस्त या वकिलांनी सार्वजनिक जीवनाला लावली. आज निवडून आलेल्या प्रत्येक सभासदाने आपल्या भाषणाची तयारी करताना ही शिस्त स्वतःला लावून पाहावी, इतकी ती मोलाची आहे.