ट्रॅक्टर शेतकऱ्याचा, पाना कोणाचा?

निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या द्राक्षपट्ट्यात फळछाटणीनंतरचे पहिले पन्नास-साठ दिवस म्हणजे बागायतदाराच्या वर्षभराच्या कमाईचा निवाडा करणारे दिवस होत. छाटणी झाली, कोवळी फूट निघाली, घड दिसू लागले आणि नेमका तेव्हाच अवकाळी पाऊस पडून गेला, की केवड्याची, म्हणजे आता सर्रास ‘डाऊनी’ म्हणतात त्या रोगाची, धास्ती उभी राहते. मग फवारणीचा हिशेब दिवसांत नव्हे, तासांत करावा लागतो. त्या सकाळी लहान ट्रॅक्टरच्या मागचा ब्लोअर फिरला नाही, तर नुकसान एका फवारणीचे होत नाही. खते, मजुरी आणि कर्जाचे व्याज यांत गुंतलेले सारे वर्षच पणाला लागते.

आता बिघाड पाहावा तर तो बहुधा क्षुल्लक असतो. इंजिनाची शक्ती ब्लोअरकडे नेणाऱ्या दांड्याचा सांधा झिजतो, पुलीची चावी तुटते, लिफ्टच्या तेलाचे सील फाटते किंवा तरफेतले बूश सैल होते. वस्तू तळहातावर मावेल एवढी. पण ती विक्रेत्याकडे शिल्लक नसते आणि मागवली तर चार दिवसांनी येते. कधी सुटे बूश मिळतच नाही, अख्खा जोडच घ्यावा लागतो. अशा वेळी गावातला लेथवाला किंवा यंत्रांची जाण असलेला शेजारी मदतीला येतो. तो जुना तुकडा मोजतो, पितळेचा गोल गज लेथवर चढवतो, तासाभरात नवे बूश कातून बसवतो आणि संध्याकाळच्या आत ब्लोअर बागेत शिरतो. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर येथे भागाची किंमत गौण आणि वेळेची किंमत प्रचंड असते. बाजार जी वस्तू वेळेवर पुरवू शकत नाही, ती शेजारधर्म पुरवतो.

या शेजारधर्माला कौशल्याची भक्कम बैठक आहे. ओझरला 1964 पासून उभा राहिलेला विमानांचा कारखाना, सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती, 1969 पासून डिझेल इंजिनांचे नोझल बनवणारी ‘मायको’ यांनी नाशिक जिल्ह्यात फिटर आणि टर्नर यांची एक पिढीच घडवली. मोठ्या कारखान्यांना माल पुरवणारी लहान वर्कशॉपे त्यातूनच वाढली. या कारागिरीला शेताच्या गरजेची जोड मिळाली म्हणजे काय घडते, हे सटाण्याचे शेतकरी राजेंद्र जाधव यांनी 2020 च्या टाळेबंदीत दाखवून दिले. बागेतील फवारणीच्या धर्तीवर ट्रॅक्टरला जोडायचे निर्जंतुकीकरणाचे यंत्र त्यांनी तयार केले आणि त्याची दखल देशपातळीवर घेतली गेली.

महाराष्ट्राला ही परंपरा नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलीचे दुकान काढले आणि 1903 मध्ये पहिला लोखंडी नांगर घडवला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशा समजुतीपायी तो नांगर घ्यायला सुरुवातीला कोणी धजेना. पुढे पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यांवरच्या निकामी तोफा त्यांना वितळवण्यासाठी दिल्या. परदेशी यंत्र उघडून पाहणे, समजून घेणे आणि आपल्या मातीला मानवेल असे करून घेणे, हीच या उद्योगपरंपरेची पहिली शाळा होती.

तथापि, घरच्या लेथवर सर्व काही होते असे समजणे हा भाबडेपणा ठरेल. अमेरिकेत अंगणातील हिरवळ कापण्यासाठी जे छोटे ट्रॅक्टर वापरतात, त्यांपैकी पुष्कळांत गिअर बदलावे लागत नाहीत. इंजिन एक पंप फिरवते, पंप दाबाखालचे तेल एका मोटरकडे ढकलतो आणि ती मोटर चाके फिरवते. पंपातील तिरक्या तबकडीचा कोन बदलला की वेग बदलतो. कोन उलटा झाला की गाडी मागे जाते. या ‘हायड्रोस्टॅटिक’ रचनेत पंपाचे दट्टे आणि त्यांची घरे यांमधील फट काही मायक्रॉनांची असते; माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाडीचा, यावरून त्या फटीची कल्पना यावी. असा दट्टा गावच्या लेथवर होणे नाही. परंतु अशी गाडी अडते तेव्हा दोष दर वेळी त्या पंपाच्या पोटातच असतो असे नाही. पुष्कळदा पट्टा घसरतो, तेल जुने होते, तबकडी हलवणारी तरफ झिजते किंवा पंपावरचा पंखा मोडून तेल तापते. ही कामे कोणत्याही हुशार शेजाऱ्याच्या आवाक्यातली आहेत. आपल्याकडील बहुतेक लहान ट्रॅक्टर गिअरचेच असले, तरी त्यांच्या लिफ्टला हाच न्याय लागू पडतो. काय घरी करावे आणि कशाला हात लावू नये, हा विवेकच खऱ्या कारागिराची ओळख होय.

मग अडचण कोठे आहे? ती ज्ञानाच्या मक्तेदारीत आहे. ट्रॅक्टर विकत घेताना शेतकऱ्यापुढे अनेक कंपन्या असतात. तेथे स्पर्धा असते. एकदा व्यवहार झाला की सुट्या भागांपुरता तो एकाच कंपनीच्या दारात बांधला जातो. भारतीय स्पर्धा आयोगाने मोटारींच्या बाबतीत नेमके हेच ओळखले. 25 ऑगस्ट 2014 च्या निर्णयात आयोगाने 14 मोटार कंपन्यांना एकूण सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कारण हे की, सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांपर्यंत पोहोचू दिली जात नव्हती. निर्णयावर पुढे अपिले झाली. पण आपल्या गाडीच्या भागांच्या बाजारात प्रत्येक कंपनी प्रबळ असते, हे तत्त्व त्या निर्णयाने मांडले.

अमेरिकेत हाच संघर्ष थेट शेतात लढला गेला. तेथील आधुनिक ट्रॅक्टरचा बिघाड संगणकावाचून उमगत नाही आणि तो संगणक पूर्णपणे वाचण्याचे साधन बराच काळ अधिकृत विक्रेत्याकडेच असे. शेतकऱ्यांच्या असंतोषामुळे जानेवारी 2023 मध्ये ‘जॉन डिअर’ला तेथील शेतकरी महासंघाशी सामंजस्य करार करावा लागला. कोलोरॅडो राज्याने त्याच वर्षी शेतीयंत्रांच्या दुरुस्तीचा हक्क देणारा कायदा केला आणि तो 1 जानेवारी 2024 पासून अमलात आला. जानेवारी 2025 मध्ये तेथील केंद्रीय व्यापार आयोगाने याच प्रश्नावर त्या कंपनीविरुद्ध दावा दाखल केला.

भारत सरकारनेही पावले टाकली आहेत. जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासंबंधी समिती नेमताना ग्राहक व्यवहार विभागाने शेतीची उपकरणे, मोबाइल, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने अशी चार क्षेत्रे निश्चित केली. त्याच वर्षी 24 डिसेंबरला माहितीचे संकेतस्थळ सुरू झाले. मात्र मे 2025 मध्ये एका समितीने ‘दुरुस्ती निर्देशांका’चा आराखडा सादर केला, तो मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंपुरता. यादीत अग्रभागी असलेले शेतीयंत्र कृतीत मागे राहिले! 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर 12 वरून 5 टक्क्यांवर आणि सुट्या भागांवरील कर 18 वरून 5 टक्क्यांवर आला, हे स्वागतार्हच आहे. परंतु जो भाग दुकानात मिळतच नाही, त्याच्यावरील कर उतरून शेतकऱ्याच्या पदरात काय पडणार?

कंपन्यांचा युक्तिवाद सर्वस्वी पोकळ आहे असे नाही. हलक्या धातूचा भाग ऐन कामात तुटला तर माणूस जायबंदी होतो. ब्रेक आणि स्टिअरिंग यांत प्रयोगाला वाव नाही. दाबाखालच्या तेलाची बारीक चिळकांडीही कातडी भेदून आत शिरते. बनावट भाग अस्सल म्हणून विकणे ही तर उघड फसवणूक आहे. पण विचार केला तर हे सारे मुद्दे माहिती दडवण्याच्या नव्हे, ती देण्याच्या बाजूचे आहेत. कारागिराला मूळ माप, धातूचा प्रकार आणि कठीणपणा माहीत नसेल तर तो अंदाजाने भाग बनवील. माहीत असेल तर अचूक बनवील. आंधळ्या दुरुस्तीपेक्षा डोळस दुरुस्ती अधिक सुरक्षित, हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा?

म्हणून मागण्या माफक आहेत. प्रत्येक ट्रॅक्टर आणि फवारणीयंत्राबरोबर सुट्या भागांच्या आकृत्यांसह मराठी दुरुस्तीपुस्तिका मिळावी. झिजणाऱ्या लहान भागांची मापे खुली असावीत आणि ते भाग अख्ख्या जोडाविना, सुटे विकले जावेत. बाहेरचे एखादे बूश बसवले म्हणून साऱ्या यंत्राची वॉरंटी नाकारली जाऊ नये. बिघाड त्याच बूशामुळे झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर असावी. तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी हंगामात आपली लेथ यंत्रे या कामासाठी खुली ठेवावीत. विद्यार्थ्यांना शिक्षण मिळेल आणि शेतकऱ्याची नड भागेल. यांपैकी कोणत्याही गोष्टीला सरकारी तिजोरीतून मोठी रक्कम लागत नाही.

वस्तू विकत घेतली म्हणजे ती उघडण्याचा, समजून घेण्याचा आणि दुरुस्त करण्याचा अधिकारही आपण विकत घेतला, ही सामान्य माणसाची समजूत अगदी रास्त आहे. या समजुतीला कायद्याचा आधार नसेल, तर कर्जाचे हप्ते शेतकरी फेडत राहील आणि यंत्राची खरी सत्ता दुसऱ्याच्या हाती राहील. ज्या जिल्ह्याने विमाने घडवणारे हात तयार केले, त्या जिल्ह्यातल्या बागायतदाराला एका पितळी बूशासाठी परवानगीची वाट पाहावी लागू नये.