पोलादी नळांचे गॅस वेल्डिंग आणि फिलर रॉडची निवड : करमाळा तालुक्यातील उपसा सिंचनाच्या संदर्भात

प्रस्तावना :
सोलापूर जिल्ह्यातील करमाळा हा मूलतः अवर्षणप्रवण तालुका होय. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाल्यानंतर जलाशयाकाठच्या गावांत पंपाने पाणी उपसून ऊसशेती विस्तारली. पंपालगतच्या पोलादी नळाचा सांधा फुटल्यास ऐन उन्हाळ्यात पिकाची पाण्याची पाळी चुकते. असा सांधा टिकाऊ कसा होईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ज्योतीचे स्वरूप :
ऑक्सिजन व ॲसिटिलीन यांच्या ज्योतीचे तापमान सुमारे ३,१०० अंश सेल्सिअस असते. पोलाद सुमारे १,५०० अंशांस वितळते. पोलादासाठी उदासीन ज्योत आवश्यक असते. ऑक्सिजन अधिक झाल्यास धातू जळतो, तर ॲसिटिलीन अधिक झाल्यास धातूत कार्बन शिरून सांधा ठिसूळ होतो. एलपीजीची ज्योत पोलाद कापण्यास उपयुक्त, परंतु सांधण्यास अयोग्य ठरते.

रॉडची निवड :
फिलर रॉड हा केवळ भरणा नसून त्याचा धातू सांध्याचाच भाग बनतो. त्यामुळे हाती लागेल ती तार वापरणे धोक्याचे असते. तिच्यातील कार्बन व गंधकाचे प्रमाण अज्ञात असते. अमेरिकन वर्गीकरणातील आर-४५ व आर-६० या रॉडच्या सांध्याचे किमान ताणबल अनुक्रमे सुमारे ३१० व ४१० मेगापास्कल असते. आयएस १२३९ या भारतीय मानकानुसार नळाचे किमान ताणबल ३२० मेगापास्कल आहे. आर-४५ सहज वितळतो व साध्या कामास पुरतो. परंतु पंपाचा दाब व कंपने सोसणाऱ्या नळास आर-६० अधिक योग्य होय. त्यातील सिलिकॉन व मँगनीज वितळलेल्या धातूतील ऑक्सिजन काढून घेतात, त्यामुळे सांध्यात छिद्रे पडत नाहीत.

रॉडची जाडी नळाच्या भिंतीवर अवलंबून असते. लेफ्टवर्ड पद्धतीत भिंतीच्या जाडीच्या निम्म्यात १ मिलिमीटर मिळवावा; ४ मिलिमीटर भिंतीस सुमारे ३ मिलिमीटरचा रॉड लागतो. जाड भिंतीच्या नळाच्या कडा आधी तिरप्या घासून घ्याव्यात.

दक्षता :
जी.आय. नळावरील जस्त ९०७ अंशांस उकळते. त्याच्या धुराने ताप येतो व सांधा सच्छिद्र होतो. म्हणून सांध्यालगतचे जस्त आधी घासून काढावे आणि काम मोकळ्या हवेत करावे.

निष्कर्ष :
नळाचा धातू, भिंतीची जाडी व त्यावर येणारा भार या तिन्ही बाबी पाहून रॉड निवडल्यास सांधा टिकतो. रॉडवर वाचविलेल्या थोड्या पैशांपेक्षा चुकलेल्या पाण्याच्या पाळीचे मोल शेतकऱ्यास कितीतरी अधिक असते.