चेंडूची वाटी

२३ डिसेंबर १९९९. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एका घरी दीड वर्षाच्या मुलीच्या तोंडावर प्लास्टिकच्या चेंडूचा अर्धा भाग घट्ट बसला. नाक आणि तोंड दोन्ही झाकलं गेलं. वडिलांनी तो ओढला, निघाला नाही. दुसऱ्यांदा ओढल्यावर निघाला आणि मुलगी वाचली. बारा दिवसांपूर्वी, ११ डिसेंबरला, कॅलिफोर्नियातल्या सोनोरा गावातली तेरा महिन्यांची मुलगी अशाच अपघातातून वाचली नव्हती.

दोन्ही चेंडू बर्गर किंगमधल्या मुलांच्या जेवणाबरोबर घरात आले होते. मुलांच्या जेवणाबरोबर खेळणं देण्याची चाल अमेरिकेत तेव्हा नवी नव्हती. मॅकडोनाल्ड्सने १९७९ साली ‘हॅपी मील’ देशभर नेलं. १९९० साली त्याच डब्यातून सुपर मारिओ ब्रदर्स ३ या व्हिडिओ गेममधली पात्रं येऊ लागली. तरीही १९९९च्या नोव्हेंबरात बर्गर किंगने जे केलं, त्या आकाराचं आधी फारसं कुणी पाहिलं नव्हतं. पोकेमॉन या जपानी व्हिडिओ गेमवरून निघालेला पहिला चित्रपट १० नोव्हेंबरला अमेरिकेत लागला. त्याच सुमारास दुकानांतून पोकेमॉनची ५७ वेगवेगळी खेळणी मिळू लागली. शिवाय २३ कॅरेट सोन्याचा मुलामा दिलेली सहा कार्डं होती, जेवणावर १ डॉलर ९९ सेंट जास्त मोजून घ्यायची. खेळणी संपत, पालक दुसऱ्या दुकानाचा रस्ता धरत.

एवढी झुंबड का उडाली, हे समजायला मूळ गेमकडे जावं लागतं. तो रचणारे सातोशी ताजिरी तोक्योजवळच्या माचिदात वाढले. लहानपणी ते किडे गोळा करत. तळी बुजली, शेतं गेली, किडेही गेले. शहरातल्या मुलांना तो शोधाचा आनंद पुन्हा मिळावा, या इच्छेतून हा गेम जन्मला. त्याचं आधीचं नाव होतं ‘कॅप्सूल मॉन्स्टर्स’. जपानमध्ये नाणं टाकलं की यंत्रातून गोल डबी पडते, तिच्यात छोटं खेळणं असतं. पोकेमॉनला पकडून ज्यात ठेवायचं, तो चेंडू या डबीचाच भाऊबंद. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी गेम बॉय या हातात धरायच्या यंत्रासाठी दोन आवृत्त्या निघाल्या, लाल आणि हिरवी. एकूण १५१ प्राणी, पण काही एकीतच सापडणारे, काही दुसरीतच. सगळे हवे असतील तर मित्राच्या यंत्राला केबल जोडून अदलाबदल करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मला ही रचना फार सुंदर वाटते. मुलाला घराबाहेर, दुसऱ्या मुलापर्यंत नेणारा असा व्हिडिओ गेम त्या काळात विरळाच होता.

पोकेमॉन जेवणाच्या डब्यात शिरल्यावर मात्र सगळे जमवायच्या त्या ओढीचा अर्थ पालटला. सगळे जमवायचे म्हणजे पुन्हा पुन्हा बर्गर खायचा. यात एक उलटापालट होते, आणि तिच्याकडे नीट पाहायला हवं. खेळणं हेच मुख्य ठरलं की खाणं त्याचं वेष्टन होतं. २०२५च्या ऑगस्टमध्ये जपानमध्ये मॅकडोनाल्ड्सने मुलांच्या जेवणाबरोबर पोकेमॉनची कार्डं दिली, तेव्हा पुनर्विक्री करणाऱ्यांनी ढिगाने जेवणं विकत घेतली, कार्डं काढून घेतली आणि अन्न टाकून दिलं. कंपनीला माफी मागावी लागली.

१९९९ साली वेष्टनाच्या आत आणखी एक वेष्टन होतं, खेळणं ज्यात यायचं तो चेंडू. मुलाला हवा असायचा आतला पिकाचू. चेंडू म्हणजे नुसतं टरफल, पावणेतीन ते तीन इंच व्यासाचं, मधोमध उघडणारं. थोरल्या भावंडाने तो उघडला, आतलं काढून घेतलं, आणि दोन वाट्या जमिनीवर राहिल्या. जमिनीवरचं सगळं अखेर रांगणाऱ्या बाळाच्या हाती जातं, हे कुठल्याही आजीला ठाऊक असतं.

बाळाने गिळू नयेत अशा लहान वस्तू ओळखण्यासाठी अमेरिकेत एक नळकांडं वापरतात, सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाचं. त्यात मावणारी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यात चालत नाही. ही वाटी त्यात मावणं शक्यच नव्हतं. तिचा धोका तिच्या मोठेपणात होता. लहानपणी आपण सगळ्यांनी रिकाम्या पेल्यात तोंड घालून हवा ओढली आहे. पेला ओठांना चिकटून लोंबतो. मोठं मूल हसत हसत तो काढतं. बाळाचा चेहरा एवढा लहान की तीन इंची वाटीत नाकही येतं आणि तोंडही. ते घाबरून श्वास ओढतं, तसतशी वाटी अधिक घट्ट बसते. ती काढावी कशी हे त्याला कळत नाही, आणि रडण्याचा आवाजही बाहेर पडत नाही.

२७ डिसेंबरला, नाताळ उलटून दोन दिवस झाल्यावर, अमेरिकेचा ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोग आणि बर्गर किंग यांनी अडीच कोटींहून अधिक चेंडू परत बोलावले. चेंडू टाकून द्या किंवा दुकानात आणा, आणलात तर फ्रेंच फ्राइजची छोटी पुडी मोफत, असं पालकांना सांगितलं गेलं. त्या पुडीचा मला आजही राग येतो. ज्या वस्तूने एक मूल गेलं, ती घरातून बाहेर काढायला पुन्हा खाऊचंच आमिष! आणि हातात आलेली फुकटची वस्तू कोण लक्षात ठेवतं? तिची पावती नसते, ती कुठल्या घरात कोणत्या पलंगाखाली आहे याची नोंद नसते. २५ जानेवारी २००० रोजी इंडियानापोलिसमध्ये चार महिन्यांचा मुलगा त्याच चेंडूच्या अर्ध्या भागाने गुदमरून गेला. चेंडू परत बोलावल्याला तेव्हा जवळजवळ महिना झाला होता.

पुढे खेळण्यांच्या मानकांत वाटीच्या आकाराच्या वस्तूंसाठी वेगळं कलम आलं. व्यास साधारण ६४ ते १०२ मिलिमीटर, खोली १३ मिलिमीटरहून जास्त, आणि खेळणं तीन वर्षांखालच्या मुलांसाठी असेल, तर त्यात हवेला वाट हवीच. किमान दोन भोकं हवीत, तीही एकमेकांपासून अंतरावर, म्हणजे एक झाकलं तरी दुसरं उघडं राहील. नाहीतर काठ असा कापलेला हवा की चेहऱ्यावर हवाबंद बसणार नाही. आंतरराष्ट्रीय मानकात हे आलं आणि त्यावरून घेतलेल्या आपल्या आयएस ९८७३मध्येही आलं. १ जानेवारी २०२१पासून भारतात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे.

घरात बाळाच्या खेळभांड्यांतला प्लास्टिकचा कप असेल तर उलटा करून पाहा. तळाशी किंवा कडेला भोकं दिसतील. माझ्या नातवंडांच्या कपांना ती आहेत. पाणी गळतं म्हणून मुलं कुरकुरतात.