पाव मिलिमीटरने पाव शतक

हॅरॉल्ड केसलिंग हा अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला ऑर्थोडॉन्टिस्ट. १९४५ साली त्याने दात नेमके जागेवर बसवण्यासाठी एक रबरी साचा मांडला. रुग्णाच्या दातांचं प्लास्टरचं मॉडेल करायचं, त्यातला एकेक दात बारीक करवतीने सुटा करायचा, मेणात हवा तसा पुन्हा रोवायचा आणि त्या सुधारलेल्या रांगेवरून रबराचा साचा काढायचा. तारा काढल्यावर रुग्णाने तो साचा चावत राहायचं, म्हणजे उरलीसुरली हालचाल पुरी होते. केसलिंगने पुढचंही लिहून ठेवलं होतं: मॉडेलवरचे दात दर वेळी थोडे थोडे सरकवून अशा साच्यांची मालिकाच केली, तर मोठ्या हालचालीही त्यांनीच साधता येतील. पण पंधरा-वीस साच्यांसाठी पंधरा-वीस वेळा दात कापून मेणात रोवत कोण बसणार? १९६४ मध्ये हेन्री नाहूमने तापवलेलं प्लास्टिक निर्वात यंत्राने मॉडेलवर ओढून पातळ पारदर्शक खोळ बनवली, १९९३ मध्ये जॉन शेरिडनने तशाच प्लास्टिक खोळीचं ‘एसिक्स’ उपकरण आणलं. वस्तू तयार होती, कल्पनाही तयार होती. मेहनत कमी होण्याचं तेवढं राहिलं होतं.

तोवर जगभर तारेचं राज्य होतं, आणि ते राज्य काही झोपलेलं नव्हतं. दात सरकवणाऱ्या पारदर्शक खोळींच्या, म्हणजे अलाइनरच्या, कौतुकात हे नेहमी विसरलं जातं. अमेरिकी ऑर्थोडॉन्टिस्ट एडवर्ड अँगलच्या काळापासून दशकानुदशकं जवळजवळ प्रत्येक दाताभोवती धातूची पट्टी बसवायची आणि त्या पट्टीवर तार अडकवायचं ब्रॅकेट, असा प्रकार होता. हसलं की तोंडभर धातूच दिसे. माझ्या मते या क्षेत्रातली खरी क्रांती प्लास्टिकने केली नाही, गोंदाने केली. १९५५ मध्ये मायकेल बुओनोकोरेने दाखवून दिलं की दाताच्या एनॅमलवर फॉस्फोरिक आम्ल लावून तो खरखरीत केला, तर त्याला रेझिन घट्ट धरून राहतं. पुढे त्याच जोरावर ब्रॅकेट थेट दातावर चिकटवता आले आणि पट्ट्या मागच्या दाढांपुरत्या उरल्या. दुसरी गोष्ट तारेचीच. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत क्षेपणास्त्रांसाठी धातू शोधताना निकेल आणि टायटॅनियमचा नितिनॉल हा मिश्रधातू हाती आला. वाकवला तरी तो मूळ आकाराकडे परत येतो. आयोवाच्या जॉर्ज अँड्रियासनने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तो दातांच्या तारेसाठी आणला. पोलादी तार दर भेटीत घट्ट करायला लागायची, आणि त्या रात्री पोरगं वरणभातसुद्धा नीट चावू शकायचं नाही. नितिनॉलने ही ओढ सौम्य आणि सलग केली. आज ज्यांच्या तोंडात तारा आहेत ते नौदलाच्या त्या खर्चाचे लाभार्थी आहेत, पण ही गोष्ट कोणी जाहिरातीत सांगत नाही.

जाहिरातीची गोष्ट १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली. झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ हे दोघे स्टॅनफर्डच्या व्यवस्थापन शाळेतले. दंतवैद्यकाशी दोघांचाही संबंध नव्हता. चिश्तीने मोठेपणी ब्रेसेस लावल्या होत्या आणि त्या काढल्यावर त्याला दात जागेवर टिकवणारा प्लास्टिकचा रिटेनर मिळाला होता. मधे काही दिवस तो घातला नाही की दात किंचित हलत आणि पुन्हा घातला की जागेवर येत. मग सगळाच प्रवास अशा खोळींनी का करू नये, असा त्याचा प्रश्न. केसलिंगने जिथे हात टेकले होते तिथे आता संगणक होता. पडद्यावरचे दात कापायला करवत लागत नाही, मेणही लागत नाही. १९९८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएची मंजुरी आली, १९९९ मध्ये या दोघांच्या अलाइन टेक्नॉलॉजी या कंपनीचं ‘इनव्हिजलाइन’ बाजारात उतरलं आणि जानेवारी २००१ मध्ये कंपनी शेअर बाजारातही आली.

पहिल्या वर्षांतली पद्धत आज वाचताना गंमत वाटते. दवाखान्यात दातांचा ठसा घ्यायचा, तो कुरियरने कंपनीला पाठवायचा. तिथे मॉडेल रेझिनमध्ये गाडून थराथराने खरवडायचं आणि प्रत्येक थराचं चित्र घ्यायचं. मॉडेल नष्ट व्हायचं, संगणकात तेवढं उरायचं. त्या चित्रावर दात पायरीपायरीने सरकवायचं काम लाहोरमधले तंत्रज्ञ करत. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनंतर ते काम तिथून हलवून कोस्टारिकात नेलं गेलं. न्यूयॉर्कमधल्या कोणाचा सुळा कुठे जाणार हे ठरवण्याच्या कामाला जागतिक राजकारणाची झळ बसेल, हे दंतवैद्यकाच्या कुठल्याच पाठ्यपुस्तकात नसावं.

एक गैरसमज अजून आहे. अलाइनर थ्रीडी प्रिंटरमधून निघतो असं पुष्कळांना वाटतं. छापलं जातं ते प्रत्येक पायरीचं मॉडेल. त्यावर प्लास्टिकचा पत्रा तापवून ओढला की ट्रे तयार. मॉडेलचं काम तिथेच संपतं. वीस ट्रे म्हणजे वरच्या जबड्याची वीस मॉडेल्स आणि खालच्याची वेगळी, सगळी कचऱ्यात. थेट ट्रेच छापण्याचं तंत्र आता कुठे बाजारात येतं आहे.

एक ट्रे दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवतो. दिवसाचे वीस-बावीस तास तो तोंडात हवा. जेवताना आणि दात घासताना तेवढा काढायचा. दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचं एक पातळ अस्तर असतं. एका बाजूने दाब आला की तिथलं हाड पेशी विरघळवतात, दुसऱ्या बाजूला ताण येतो तिथे नवं हाड भरतं. दात सोन्याच्या पट्टीने लोटा, नितिनॉलने लोटा किंवा प्लास्टिकने, या पेशींचा वेग तोच, महिन्याला सुमारे एक मिलिमीटर. पाव शतकात ठसे गेले, स्कॅनर आले, पत्र्याचं प्लास्टिक बदललं. हाडाने मात्र कोणासाठीही घाई केली नाही. बदललं ते शिस्तीचं ओझं. तार रुग्णाच्या मर्जीवर नसते, ट्रे असतो. लग्नाच्या पंगतीत रुमालात गुंडाळून ठेवलेला ट्रे पत्रावळीसोबत गेला, अशा गोष्टी ऑर्थोडॉन्टिस्टांकडे खोऱ्याने मिळतील.

दात कसे सरकतील हे आधीच दाखवणारं पडद्यावरचं चलच्चित्र आणि तोंडातली वस्तुस्थिती यांतलं अंतर २००९ मध्ये ऑर्थोडॉन्टिस्ट नील क्रॅविट्झ आणि सहकाऱ्यांनी मोजलं. पुढच्या दातांच्या ठरवलेल्या हालचालींपैकी सरासरी ४१ टक्केच प्रत्यक्षात उतरल्या होत्या. दात हिरडीतून बाहेर ओढण्याची हालचाल सगळ्यात कच्ची, तीस टक्क्यांच्या आत. २०२० मध्ये याच प्रकारची मोजणी पुन्हा झाली तेव्हा सरासरी ५० टक्क्यांवर आली होती. याचा अर्थ अलाइनर खोटे, असा नाही. ही तूट भरण्यासाठीच दातांवर रेझिनचे छोटे उंचवटे चिकटवतात, त्यासाठीच ठरलेले ट्रे संपले की पुन्हा स्कॅन करून पुढचा संच मागवतात. पण गोलसर सुळे फिरवणं, उपदाढा काढून मोठी जागा भरणं, अशा कामांत तार अजून सरस आहे, आणि पहिल्याच भेटीत हे सांगणारा डॉक्टर मला जास्त भरवशाचा वाटतो.

या पाव शतकात रुग्ण दोनदा अधांतरी लटकले. चिश्तीने अलाइन सोडून २००५ मध्ये ऑर्थोक्लिअर ही प्रतिस्पर्धी कंपनी काढली, खटले झाले, आणि २००६ मध्ये दोन कोटी डॉलरच्या समझोत्यावर तिने काम थांबवलं. उपचार अर्धवट राहिलेल्या रुग्णांना अलाइनने जादा पैसे न घेता सामावून घेतलं. दुसऱ्या वेळी असं कोणी आलं नाही. २०१७ पासून अलाइनची जुनी पेटंटं संपू लागली आणि बाजार खुला झाला, पण त्याआधीच, २०१४ मध्ये, स्माइलडायरेक्टक्लब सुरू झाली होती. घरी पोस्टाने ठशाचं साहित्य मागवा, स्वतःच ठसा घ्या, दूरचा दंतवैद्य नजर टाकेल, ट्रे घरपोच येतील. हिरड्या कशा आहेत, मुळं किती आखूड आहेत, हे खुर्चीत बसवून, एक्सरे काढून बघणारं कोणी नाही. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेने सुरुवातीपासून विरोध केला. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली, सप्टेंबर २०२३ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली आणि डिसेंबरमध्ये कुलूप लावलं. कंपनीने दिलेली आयुष्यभराची हमी त्याच दिवशी संपली. हप्ते चालू असलेल्यांनी मात्र हप्ते भरत राहावं, असं कळवण्यात आलं.

आपल्याकडे ‘क्लिप लावली’ म्हणजे शाळकरी मुलगी किंवा मुलगा, असं समीकरण होतं. चाळिशीतला माणूस तार लावून कचेरीत जात नसे. वयाची ही मर्यादा अलाइनरने ओलांडली, आणि तेवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं. मुंबईच्या लक्ष्मी डेंटलसारखी कॅप-ब्रिज बनवणारी कंपनी आज स्वतःचे अलाइनर विकते, जानेवारी २०२५ मध्ये ती शेअर बाजारातही आली. काही कंपन्या घरी माणूस पाठवून स्कॅन करतात. बीडीएसनंतर तीन वर्षं एमडीएस केलेला ऑर्थोडॉन्टिस्ट या साखळीत नेमका कुठे आहे, हे पॅकेजच्या पत्रकावरून दर वेळी कळतंच असं नाही.

तारेची एक सोय यात हातची गेली. ब्रॅकेटच्या खाचेची मापं जगभर दोनच, ०.०१८ आणि ०.०२२ इंच. नागपुरात तार लावलेल्या मुलीच्या वडिलांची पुण्याला बदली झाली, तर पुण्याचा ऑर्थोडॉन्टिस्ट तीच तार पुढे चालवू शकतो. अलाइनरच्या रुग्णाचे पुढचे पंधरा ट्रे कोणाच्या तरी सर्व्हरवरच्या फाइलमध्ये असतात. कंपनी बुडाली की नव्या डॉक्टरकडे नवा स्कॅन, नवा आराखडा, नवं बिल. ती फाइल मला मिळेल का, असं पैसे भरण्याआधी विचारणारे रुग्ण अजून विरळाच.