तबकडी मूळची की मागाहूनची?

रोलेक्स सबमरिनर 5513 सारखं पाणबुड्यांचं जुनं घड्याळ विकत घेताना आधी सहाच्या खुणेखाली भिंग धरावं. ‘स्विस’ शब्दालगत ‘टी’ असेल, तर चमकत्या रंगात ट्रिटियम आहे. त्याचं अर्धायुष्य सुमारे 12 वर्षं. म्हणजे 1970 ची तबकडी आज अंधारात जवळपास विझलेलीच हवी. टॉर्च दाखवल्यावर ती तासन्‌तास हिरवी उजळत राहिली, तर रंग नव्याने भरलाय किंवा तबकडीच बदललीय. काटेही ताडून पाहा: ठिपके लोण्यासारखे पिवळसर आणि काटे पांढरेशुभ्र असतील, तर काटे बहुधा मागाहून बसवलेत. काच, गॅस्केट बदललेली असणारच. त्यात वावगं काही नाही. कंपनीने सर्व्हिसिंगमध्ये बदललेली तबकडी अस्सल खरी, पण मूळची नव्हे, आणि संग्राहकांच्या बाजारात किमतीचा मोठा फरक तिथेच पडतो.