रिपोर्टवर मोठा आकडा म्हणजे भारी औषध? तसं नसतं

लघवीची किंवा पुवाची कल्चर तपासणी केली की रिपोर्ट आता मोबाईलवरच येतो. औषधांच्या नावांपुढे 'एस' किंवा 'आर' आणि काही रिपोर्टवर मिलिमीटरचे आकडे. ज्याचा आकडा मोठा तेच औषध भारी, असं समजून थेट मेडिकल गाठणारे कमी नाहीत.

हा आकडा येतो तो लॅबमधल्या बशीतून. जंतूंचं खाद्य थिजवून त्यावर पेशंटचे जंतू पसरतात आणि औषधाच्या चकत्या ठेवतात. ३५ अंशांच्या आसपास १६ ते १८ तासांनी चकतीभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ दिसतं, तेच मोजतात.

पण या बशीत रक्तातलं अल्ब्युमिन नसतं. हे प्रथिन औषधाला धरून ठेवतं. धरलेलं औषध जंतूपर्यंत पोचत नाही, सुटं राहिलेलंच काम करतं. भारी काळ्या जमिनीत उगवणीपूर्वीचं तणनाशक मातीला चिकटतं म्हणून डोस जास्त लागतो, तसंच हे.

अमॉक्सिसिलिन साधारण २० टक्केच धरलं जातं, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन ८५ ते ९५ टक्के, जेंटामायसिन अगदी थोडं. लॅबच्या खाद्यात सीरम मिसळलं, तर जास्त चिकटणाऱ्या औषधाची मात्रा वाढवावी लागते, तेव्हा कुठे तेच जंतू थांबतात.

मग सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन वाया जातं का? नाही. चिकटलेला भाग म्हणजे साठाच. सुटं औषध बाहेर जाईल तसतसं त्यातून थोडं थोडं सुटत राहतं. म्हणून बऱ्याच आजारांत हे इंजेक्शन दिवसातून एकदाच पुरतं.

'एस' कुठे द्यायचा, ही सीमा तज्ज्ञ प्रत्येक औषधासाठी वेगळी ठरवतात. नेहमीच्या डोसात रक्तात सुटं औषध किती राहतं, हे त्यात धरलेलं असतं. ई-कोलाय जंतूसाठी जेंटामायसिनला १९ मिलिमीटरवर 'एस' मिळतो, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला २१ वरही मिळत नाही. चकतीतली मात्रा आणि औषध पसरण्याचा वेगही वेगळा असतो. तेव्हा दोन औषधांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही.

अल्ब्युमिन सगळ्यांचं सारखं नसतं, ही आणखी एक भानगड. कुपोषण, लिव्हरचा आजार किंवा आयसीयूतला पेशंट असेल तर ते घटतं. सुटं औषध वाढतं, पण लवकर बाहेरही जातं, म्हणून डोस डॉक्टरच ठरवतात. कावीळ असलेल्या नवजात बाळाला तर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन देतच नाहीत. ते अल्ब्युमिनवरची काविळीची बिलिरुबिन हटवून स्वतः जागा घेतं आणि सुटी झालेली बिलिरुबिन बाळाच्या मेंदूला इजा करू शकते.